पाय लावणार नाही

प्रिय अण्णा,

तू जाऊन तीन वर्षं झाली आणि पत्र आज लिहितेय, तेही हिंगोलीत, हृदय तपासणीच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसून. तुझी लेक प्रज्ञा आत आहे. घरी मी भांडून आलेय. ते तुला नाही तर कुणाला सांगू?

मी पायाळू, पायाकडून जन्मलेली, याचं अख्ख्या कुरुंद्याला केवढं कौतुक! कुणाची पाठ धरली की मला बोलावणं. तुझी तर रोजचीच धरलेली. सकाळी लाकडासारखा ताठ उठायचास, ओसरीवर पालथा पडायचास आणि मी भिंतीला धरून पाठीवर पाय द्यायची. "दाब की, जेवली न्हाईस का?" असं वर चिडवायचास!

पुढं बांध चढताना तुला धाप लागायला लागली. "बरगड्या आखडल्यात गं," म्हणालास. आम्ही मानलं. का मानलं रे? नांदेडच्या डॉक्टरांनी खरं सांगितलं तेव्हा तू शुद्धीवर नव्हतास. मणक्याच्या आजाराची सूज हृदयापर्यंत गेली होती, झडप गळत होती. आणि मी पाठच तुडवत राहिले! राग येतो, अण्णा. माझा येतो, तुझाही येतो. पाठीच्या गोळ्या अर्ध्यावर सोडून माझ्या पायावर कसला भरवसा ठेवलास?

आता प्रज्ञाचं तेच. सकाळी तासभर वाकता येत नाही. परवा आईनं तिला माझ्यापुढं पालथं झोपवलं.

"पाय लाव."

"न्हाई लावत."

"काहून? पोरीला बघायला पाव्हणे येऊन राहिले. दवाखान्यात नेलीस तर गावभर व्हईल!"

"व्हऊ दे."

आज पहिल्या बसनं घेऊन आले. वहिनीनं गुपचूप भाकरी बांधून दिली. आई अजून बोलत नाही. नको बोलू दे!

आत्ताच रिपोर्ट हातात आला. झडप गळते, अण्णा. पण थोडी! औषध सुरू करायचं, दरवर्षी तपासायचं, असं डॉक्टर म्हणाले. प्रज्ञा आधी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आत्या, पाव्हण्यांना मीच सांगते. चालत असंल तर या म्हणावं."

शब्द देते तुला. तिची एक गोळी चुकू देणार नाही, एक तपासणी टळू देणार नाही, कुणी कितीही तोंड वाजवो. तू म्हातारा झाला नाहीस, अण्णा. तुझी पोरगी होईल.

तुझी धाकटी बहीण,
रमा