मन हेलावून टाकणारा सिनेमा आणि एक मनोगत

श्रीमान कल्याणराव साडूभाऊ यांस,

सोनईहून बिभीषणाचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? कावेरीताईंची शुगर? आमच्याकडच्या ज्या पाहुण्यांना तिकडं येऊन आज सतरा दिवस झाले, त्यांची तब्येत उत्तम असणारच, म्हणून विचारत नाही. मी मजेत आहे. जेवणाखाण्याचं ठीक चाललं आहे. परवा फोनवर 'काय हो, कसला सिनेमा दाखवलात?' म्हणून तुम्ही जे खो खो हसलात, ते नीट ऐकू आलं. (आमच्याकडं फोन ठेवल्यावर हसतात, पण तुम्ही पडला नगरची माणसं.) तेव्हा एकदा सगळं माझ्या तोंडून ऐका. बहिणीबहिणींनी लावलेलं तिखटमीठ तरी जरा झडेल.

ज्येष्ठ नागरिक मंडळाचा मी अध्यक्ष. (होतो. पुढं येईलच.) वर्धापनदिनाला दरवर्षी तेच भजन आणि तेच बीपी-शुगरवरचं व्याख्यान. यंदा म्हटलं, चांगला रडका सिनेमा दाखवू; आमच्या बायामाणसांना पोटभर रडायला मिळालं की कार्यक्रम झाल्यासारखा वाटतो. मोबाईलवर शोधलं, तर 'जगातले सर्वात मन हेलावून टाकणारे दहा चित्रपट' अशी यादीच समोर आली. खाली पाहणाऱ्यांच्या प्रतिक्रिया: 'तीन दिवस अन्न गेलं नाही', 'आईला फोन लावून रडलो', 'अजून झोप लागत नाही'. आता तुम्हीच सांगा, सासुरवाशिणीचा सिनेमा पाहून आल्यावर आपल्याकडच्या बाया दुसरं काय म्हणतात? मी पहिल्या नंबरचा घेतला. मन नेमकं कोणत्या बाजूला हेलावणार, हे त्या यादी करणाऱ्या गाढवानं लिहायला नको? फळ्यावर मी माझ्या अक्षरात लिहिलं, 'सहकुटुंब या. रुमाल आणा.'

रविवारी दुपारी समाजमंदिराच्या खिडक्यांना ताडपत्री लावली. शमशेरभाईंनी प्रोजेक्टर आणला. साठ-सत्तर माणूस जमलं. सिनेमा परदेशातला. एक सभ्य, चष्मेवाला माणूस, घर कसं लख्ख, आणि हा गृहस्थ गावातल्या एकेका बाईला गोड आवाजात नावानं हाक मारून तळघरात नेतो. तळघरात काय होतं ते लिहीत नाही, पत्र ताईंच्या हाती पडायचं. कारखान्याच्या टाइम ऑफिसात तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस मी. सवयीनं वही घेऊन दाराशी बसलो होतो आणि कोण कितव्या मिनिटाला बाहेर पडलं ते मांडत होतो. अकराव्या मिनिटाला अजिनाथ गुरुजी, 'नातीला शाळेतून आणायचंय' म्हणत. (रविवारी!) सोळाव्याला बायांची अख्खी रांग, रुमाल डोळ्यांऐवजी तोंडाला. बजरंग पैलवान, ज्यानं उभ्या तालुक्याला माती चारली, तो खुर्चीवरून घसरला आणि तोंडावर पाणी मारल्यावर 'पोलीस आले का?' म्हणाला. शमशेरभाई मशीन चालू ठेवून स्वतः बाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहिले. शेवटपर्यंत जागची हलली नाही अशी एकच व्यक्ती, तीही भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेली. आमची मंडळी.

सिनेमा संपल्यावर चहाला मात्र सगळे परत आले. आता आपल्याकडं कार्यक्रम कसलाही असो, मनोगत झाल्याशिवाय चहा नाही. माईक कोणी धरेना. मंडळाची अब्रू राखावी म्हणून मी तो हिच्यासमोर नेला आणि म्हणालो, "ऐकलं का, दोन शब्द बोल." हिनं शेंगांचा पदर झटकला, माईक हातात घेतला आणि शांतपणे बोलली, "ह्यात भ्यायचं काय हाय? मारायला का व्हईना, त्यो मानूस बाईला नाव घिऊन हाक तरी मारतो. आमाला अडतीस वर्सं 'ऐकलं का'. कारखान्यातल्या नऊशे मानसांची नावं ह्यांना तोंडपाठ, माझं तेवडं एक न्हाई."

आधी बजरंग हसला (पुरतं शुद्धीवर यायला मेल्याला हीच वेळ सापडली), आणि मग सगळं समाजमंदिर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ही तुमच्याकडं आली. त्याच संध्याकाळी मंडळानं गुरुजींना अध्यक्ष केलं, अकरा मिनिटांत पळालेल्या माणसाला! आता मी पारावरून गेलो की लोक आभाळाकडं बघून 'ऐकलं का' म्हणतात. दूधवालासुद्धा म्हणाला.

अहो, आमच्या घरात बायकोचं नाव घ्यायची रीतच नव्हती. वडिलांनी सगळा संसार 'अगं ए'वर केला. तुमच्यासारखं भर अंगणात 'कावेरी, टॉवेल' करायला मला लाज वाटते. लग्नात नाव घ्यायला लावलं तेव्हा मी उचकी लागल्याचं सोंग केलं होतं, पाणी तुम्हीच आणून दिलंत. हिनं मात्र दर संक्रांतीला उखाण्यात माझं नाव घेतलं. बिभीषणाला यमक जुळवणं काय सोपं काम आहे? जुळवलं बिचारीनं. पण म्हणून चारचौघांत असं बोलायचं? त्या खुन्यापेक्षा मी वाईट? मी हिला कधी बोट लावलं नाही, याचं काहीच नाही? मला फार लागलं, कल्याणराव. ती गेल्यावर मी वही उघडली. सगळ्यांची नावं वेळेसकट मांडलेली, आणि शेवटपर्यंत बसलेल्या माणसाच्या जागी माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'घरचे'.

असो. तिला हवं तितकं राहू द्या. मला काही घाई नाही. ताईंना नमस्कार.

आपला,
बिभीषण

ता. क. जेवणाचं ठीक चाललंय असं वर लिहिलं आहे, ते खोटं आहे.

ता. क. दुसरा. काल सकाळी ओसरीवर उभा राहून तिचं नाव एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. शेजारची अश्विनी हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली, "काका, काय झालं काकूंना?" मी पुन्हा उचकी लागल्याचं सोंग केलं. तिनं पाणी आणून दिलं.

ता. क. तिसरा. हे पत्र तिला वाचून दाखवू नका. फक्त गुरुवारी संध्याकाळी सहाला मी फोन करीन, तो तिच्या हातात द्या आणि तुम्ही दोघं बाहेर जा. टाइम ऑफिसात नियम होता: एकदा हाक मारायची, ओ आली नाही की गैरहजर मांडायचं आणि पुढचं नाव घ्यायचं. बनुबाईला एवढंच सांगून ठेवा की माझ्याकडं पुढचं नाव नाही. ओ येईपर्यंत तेच घेत राहीन.