फळ्यावर नुसतीच भरती

गुरुजी, पत्र लिहायचं म्हणत म्हणत वर्षं घालवली. "समुद्र बघितलास की कळव," म्हणाला होतात. मी समुद्राकाठीच राहायला लागलो अन् कळवलं न्हाई. तुम्ही गेल्याचंही उशिरा कळलं. आज लिहून राहिलो ते तुमच्याच वर्गात अडकून पडलोय म्हणून. दाराला आतून कडी मीच घातलीय.

आपला ओढा मांजरेला, मांजरा गोदावरीला, गोदावरी समुद्राला, हे तुम्हीच शिकवलं. समुद्राच्या धड्याला मी विचारलं होतं, भरती येणार हे आधी कळतं कसं? मागून एकजण म्हणाला, "पेपरात येतंय की, मिल्ट्रीची." वर्ग हसला. तुम्ही म्हणालात, "हसू नका, मीबी समुद्र बघितला न्हाई." तेच डोक्यात बसलं. दहावीला दोनदा आपटलो अन् नांदेडहून रेल्वे धरली. डब्यात एक सरदारजी भेटले, त्यांच्याजवळ पिंजऱ्यात तितर होता... ते राहू द्या. गोदावरी समुद्राला मिळते तिथल्या संशोधन केंद्रात आता हरकाम्या आहे. खाडीतली माशांची पिल्लं मोजतो, जाळ्यात आलेला कचरा निवडतो. साहेबांनी पाठवलं, "तुझ्या मुलखात जाऊन सांग, नदीत टाकलेलं कुठं येतं ते." इथं ओढ्यात नुसती वाळू, अन् टँकरच्या रांगेतल्या माणसांना मी समुद्र जपायला सांगणार.

काल शाळेबाहेरच्या फळ्यावर लिहिलं, 'भरतीची माहिती, सकाळी दहा.' आज व्हरांडा भरलाय. नवा जिल्हा झालाय, नव्या कचेऱ्या उघडून राहिल्यात. पोरं खडी फोडायचं काम बुडवून आलीत, हातात दहावी-बारावीच्या गुणांचे मार्कमेमो. एकजण खिडकीच्या गजांतून विचारतो, "ओ साहेब, उंची इथंच मोजता का?" दुसरा म्हणतो, "अन् छाती? कवापासून फुगवून बसलाय ह्यो." मागच्या खिडकीलाही गजच आहेत.

'भरती-ओहोटी' लिहिणार होतो, गुरुजी. ओहोटीच्या टीला वेलांटी पहिली का दुसरी, आठवेना. तुमचा फळा, त्यावर माझी चूक नको, म्हणून नुसतं भरती लिहिलं.

कडी काढून खरं सांगावं म्हणून उठलो, तर पोरं सरकून कुणाला तरी वाट देत होती. तुमच्या घरच्या काकू आल्यात. वाटलं, समुद्राचं ऐकायला आल्या. पण पदराआडून त्यांनी तुमच्या मुलीचा मार्कमेमो काढलाय.