मोठ्याने वाचलेलं माप

मंगळवार, संध्याकाळ. देवपूर

शाळेतल्या मॅडम आज आमच्या शिलाईच्या दुकानात आल्या. अंगाने चांगल्याच जाड, पण साडीची एक निरी इकडची तिकडे नाही. भावाच्या लग्नासाठी स्लीव्हलेस ब्लाउज हवा होता, पाठीला खोल गळा.

नाना टेप लावून माप सांगतात, मी वहीत लिहून मोठ्याने वाचतो. चूक नको म्हणून.

"छाती अठ्ठेचाळीस," मी वाचलं.

बाकावर थांबलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "माय व! इतलामा तं मना दोन ब्लाउज व्हतीन!" सगळ्या हसल्या. त्या हसण्यात नानांना ऐकू गेलं नसेल, म्हणून मी पुन्हा वाचलं. अठ्ठेचाळीस. का वाचलं?

मॅडम हळूच म्हणाल्या, "नाना, पाठ बंदच ठेवा. बाही कोपरापर्यंत."

"हेच शोभेल तुम्हाला," नाना म्हणाले.

मीही मान डोलावली.