खोकल्याची तालीम

३ जून
ह्यांना जाऊन वर्ष झालं. सूड घ्यायचाच. कंपनीच्या डॉक्टरला सोडणार नाही. ह्यांनी तीस वर्षं बॉयलरच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलं आणि त्या मेल्याने लिहिलं, सिगारेटचा खोकला. सिगारेट कसली, ह्यांना गॅस पेटवतानाही दोन काड्या लागायच्या.

४ जून
प्लॅन तयार. हुबेहूब ह्यांच्यासारखं खोकत त्याच्यासमोर बसायचं. सवयीप्रमाणे तो सिगारेटच लिहिणार. कागद घेऊन थेट पेपरात. कॉन्व्हेंटमध्ये नाटकाचं पहिलं बक्षीस माझंच असायचं. सिस्टर म्हणायच्या, हिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो.

९ जून, सकाळी
तालीम सुरू. आधी ह्यांचा निळा डगला ट्रंकेतून काढते. हा शेवटचा, धुवायचा राहिलेला. तीस वर्षं रोज झटकला तसा गॅलरीत झटकते, छातीशी धरते. अजून पांढरी भुकटी उडते. हे दारातूनच विचारायचे, आधी घरात कोणाला घेतेस, मला की डगल्याला?
डोळे भरून येतात. मग खोकला फार छान जमतो.

१७ जून
उत्तम प्रगती. आज जिन्यात न ठरवताच खोकला आला. शेजारीण म्हणाली, वहिनी, डॉक्टरकडे जा बाई. म्हटलं, त्यासाठीच तर एवढी मेहनत.

२५ जून
वजन चार किलो कमी. भूमिकेला शोभतं. लेक फोनवर रडवेली, आई, पुरे कर आता. म्हटलं, बाबांसाठी एवढंही करू नको? पुढचं बोलता आलं नाही. तालीम अनावर झाली.

२ जुलै
उद्या. वाक्य पाठ आहे: मी आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नाही, डॉक्टर. त्याचा पडलेला चेहरा डोळे भरून बघायचाय.

३ जुलै, संध्याकाळी
जाऊन आले. म्हातारा झालाय. एक्स-रे काढायला लावला. उजेडात धरून बराच वेळ बघत बसला. सिगारेटचं नाव काढेना. शेवटी म्हणाला, बाई, नवऱ्याचे कामाचे कपडे घरी कोण झटकायचं? म्हटलं, मीच, दुसरं कोण? शेवटचा डगला अजूनही झटकते.
मग त्याने लिहिलं. अ‍ॅस्बेस्टॉस. स्वच्छ अक्षरात, खाली सही.
जन्माचा खोटारडा, नेमकं माझ्या वेळी खरं लिहून बसला. आता पेपरवाल्यांना काय देऊ? पाठ केलेलं वाक्यही तसंच राहिलं.
डगला प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा म्हणाला. बांधीन सकाळी. आज एक दिवस जवळ राहू दे.