पीरसाहेबांच्या हातून

पीरवाडी, ता. अक्कलकोट
९ जून २०२५

ती. आपास लालसाबचा सलाम. वि. वि.

तुझा कान आणि मोबाइलवर टोचणारी माझी बोटं, दोन्ही निकामी. म्हणून कागदच बरा. सोलापूर गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे, तो तुझ्याकडे पोचवील.

बातमी अशी की आपल्या पीरसाहेबांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल पुरं झालं. ते जन्मले परदेशात, राहतात परदेशात, तरी इथल्या सरकारशी करार करून त्यांनी आपल्या फुफाट्यात हे उभं केलं. इमारत आणि यंत्रं त्यांच्या ट्रस्टची. जागा, वीज, डॉक्टर, नर्स सरकारचे. सिस्टर पूनम तर क्वार्टरमध्ये राहायलाही आल्या. उद्घाटन जुलैत, पीरसाहेबांच्या आणि मंत्र्यांच्या हातून. तोवर कुलूप. आणि किल्ली कुणाकडे? तुझ्या भावाकडे! दवाखान्याच्या कमिटीने माझं नाव घेतलं तेव्हा मला रडू आलं. हसू नकोस.

आता मागणं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत तू मोडणार नाहीस. माझ्या गुलनाजला पाठव. तू तिची सासू नंतर, आधी सख्खी आत्या, तिची फुफू. पीरसाहेबांच्या दवाखान्यातलं पहिलं बाळ आपल्या घरचं असावं, एवढी एकच हौस आहे. जावई सोहेबला दुआ.

लोभ आहे तो वाढता राहू दे.
तुझा लालसाब


सोलापूर
१२ जून २०२५

चि. लालसाबास बिबीजानच्या अनेक दुआ.

किल्ली मिळाल्यापासून मिशीला पीळ देत गावभर फिरत असशील. फिर बाबा, पण ती उशाशी घेऊन झोपू नकोस, रुतेल.

खरं सांगते, माझं मन धजत नाही. गुलनाजच्या अंगात रक्त कमी, डॉक्टरीणबाई दर वेळी बजावतात. इथून सिव्हिल रिक्षाने जवळ. पण माहेरचं नाव ऐकल्यापासून पोरीने पिशवी भरून दारात ठेवली आहे. तिची अम्मा नसली तरी राहत, तुझी सून, शहाणी आहे, स्वतः लेकुरवाळी आहे, तिच्या भरवशावर पाठवते. तुझ्या नव्हे.

रविवारी सोहेब सोडून जाईल. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी देते. एक मात्र ऐक. उद्घाटन पुढे गेलं तर पोरीला लगेच परत पाठव. तुझी हौस तिच्या जिवापेक्षा मोठी नाही.

माया आहेच, ती ओळखून वाग.
तुझी आपा


पीरवाडी
२४ जुलै २०२५

ती. आपास सलाम. वि. वि.

रागावू नकोस. तारीख गेली. मंत्र्यांना सवड होती तेव्हा पीरसाहेब आजारी, आता ते बरे तर मंत्र्यांना वेळ नाही. ऑगस्ट अखेर म्हणतात.

सिस्टर पूनम कमिटीच्या अध्यक्षांना म्हणाल्या की फीत मागनं कापा, दार आधी उघडा. अध्यक्ष म्हणाले, पीरसाहेबांच्या आधी कुणाचा पाय आत पडला तर बेअदबी होईल. मलाही ते पटलं. मोठी माणसं बसल्याशिवाय आपण ताटाला हात लावतो का?

गुलनाज मजेत आहे. दिवसभर चिंचा मागते आणि राहतच्या लेकराला मांडीवर घेऊन बसते. म्हणते, अब्बा, लई लाड झाले, फुफू वळखायची न्हाई मला. अजून महिना आहे, तोवर सगळं जमेल. तिला परत नेऊ नकोस, तिचाही जीव रमला आहे.

तुझा लोभ आहे म्हणूनच हा हट्ट.
लालसाब


सोलापूर
२८ जुलै २०२५

चि. लालसाबास दुआ.

महिना आहे हे बाळाला कुणी सांगितलं? पीरसाहेबांची अदब मलाही आहे. पण घरात कुणी भुकेने मरत असताना आपल्या अम्माने कधी मोठ्यांची वाट पाहिली नव्हती.

येत्या रविवारी सोहेब गाडी घेऊन येतो. पिशवी भरून ठेव. गुलनाजला सांग, फुफूला तिच्याशिवाय घर खायला उठतं.

राग मानू नकोस, माणसं मला जास्त आहेत का?
आपा


पीरवाडी
१४ सप्टेंबर २०२५

आपा, सलाम.

दफनाला भेटलो, चाळिसाव्याला भेटलो, तरी मी तुला काही सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. सोहेब तर माझ्याकडे बघतच नाही.

सोहेब येणार त्याच्या आधीच्या शुक्रवारी, नमाजानंतर, गुलनाजला कळा सुरू झाल्या. बाळ घरातच झालं, सिस्टर पूनमच्या हातांवर. मुलगी, रडली खणखणीत. मग गुलनाजचं रक्त थांबेना. सिस्टर म्हणाल्या, मामा, इंजेक्शनं, सलाईन सगळं आत हाय, किल्ली द्या. किल्ली माझ्या खिशात होती. मी अध्यक्षांना फोन लावला. ते म्हणाले, एवढे दिवस मान राखला, आता घालवू नका, जीप पाठवतो, अक्कलकोटला न्या. जीप येईपर्यंत सिस्टर माझ्यापुढे हात जोडून उभ्या होत्या. पोर वाटेतच गेली. जाताना पाणी मागितलं, आणि फुफू आली का म्हणून विचारलं.

मला कुणी धरून ठेवलं नव्हतं, आपा.

काल पीरसाहेबांचा फोन आला, मध्ये दुभाष्या होता. त्यांनी विचारलं, कुलूप कुणी लावलं? त्यांनी तर इमारत होताच कळवलं होतं की माझी वाट बघू नका, पहिली अडलेली बाई येईल तिच्या पायाने उद्घाटन करा. कमिटीला वाटलं, थोरांचा विनय असतो, आपण मान ठेवायचा. पीरसाहेब रडले. मला रडूही आलं नाही.

दवाखाना आता चालू आहे. सरकार आणि ट्रस्ट दोघांनाही वॉर्डला गुलनाजचं नाव द्यायचंय, तुमची मर्जी विचारतात. बाळ राहतच्या दुधावर वाढतंय. पहिलटकरणीला साडी नेसवून, बांगड्या भरून लेकरासकट सासरी पोचवायची रीत आहे. मी कुणाला पोचवू? तू शिव्या दे, पण काहीतरी लिही.

लोभ मागायला तोंड राहिलं नाही.
लालसाब


सोलापूर
२० सप्टेंबर २०२५

लालसाबास,

दुआ लिहायला बसले आणि पेन तसाच खाली ठेवला. आज लिहिते. मी तुला माफ केलेलं नाही. खोटं कशाला लिहू? बहिरी झाले याचं आता बरं वाटतं, लोक समजूत घालतात ती ऐकू येत नाही. तुझा संताप येतो, मग आठवतं की पाठवणारी मीच होते, आणि माझाही येतो. गुलनाजच्या चपला अजून मोरीशी आहेत. कुणी हलवत नाही.

नावाचं म्हणशील तर नको. तिथे बायका जीव मुठीत धरून येतील. मेलेल्या पोरीचं नाव वाचत त्यांनी आत का जावं? पीरसाहेबांना सलाम कळव, त्यांच्यावर राग नाही. त्या दाराला पुन्हा कुलूप लागणार नाही, एवढं सरकारकडून करारात लिहून घ्या म्हणावं.

बाळाला शुक्रवारी घेऊन ये. राहत आणि तिचं लेकरूही येऊ दे, राहतील महिनाभर. साडी-बांगड्याही आण. मी त्या बाळासाठी ठेवीन. सोहेबने पाळणा टांगला आहे. बोलत नाही, पण टांगला आहे.

तू आलास तर तो उठून सामोरा येणार नाही, आणि मला कडी वाजलेली ऐकू येणार नाही. बाहेर उभा राहू नकोस. दार ढकल आणि आत ये.

बिबीजान