माईची गाभोळी

६ जुलै १९८७, सोमवार
रुजू झाले एकदाची. सरावलीच्या खोलीतून निघाले, पालघरला एसटी बदलली आणि मासवणच्या मत्स्यबीज केंद्रावर वेळेत पोचले. निघताना ह्यांनी पुन्हा कुरकुर केलीच, तिसरा महिना लागलाय, घरी बस म्हणून. मागच्या दोन्ही वेळा मी घरीच बसले होते, पाय वर करून. काय झालं? दोन्ही गेली. या खेपेला मी कामच करणार आणि हे बाळ राहणार. विषय संपला.

केंद्राचे मालक नरहरीशेठ माणूस चांगला, फक्त बोलतात फार. मागच्या टाकीत एक थोराड रोहू मादी आहे, तिला सगळे माई म्हणतात. तिला बघून मला उगाच बरं वाटलं.

९ जुलै
आज काम शिकले. मादीचं पोट हलकेच दाबून अंडी कोरड्या पातेल्यात काढायची, त्यावर नराचं रेत पिळायचं (इथे त्याला सरळ दूध म्हणतात), कोंबडीच्या पिसाने कालवायचं आणि मगच पाणी घालायचं. पाणी आधी पडलं की सगळं फुकट. का ते सूक्ष्मदर्शकाखाली कळलं. कोरडे असताना शुक्राणू मेल्यासारखे पडून असतात. पाण्याचा थेंब लागला की सैरावैरा धावतात आणि मिनिटभरात खलास. अंगातली शिदोरीच तेवढी. म्हणजे पडून राहिलेले जिवंत आणि धावणारे मरायला निघालेले, असा उलटा कारभार. मला गंमत वाटली.

१४ जुलै
माईची थोडी अंडी काढली आणि त्यांच्याभोवतीचा चिकट रस काचेवर घेतला. पाणी अजिबात नाही, तरी शुक्राणू धावायला लागले. मी जेवून आले तरी धावतच होते. मग रस उकळून बघितला, तर ढिम्म कुणी हलेना. म्हणजे रसात एखादं प्रथिन असणार. ते शुक्राणूला बाहेरून चिकटतं, आत निरोप जातो आणि शेपटी हलायला लागते. दुसऱ्या माद्यांच्या रसात ही करामत नाही. नरहरीशेठना उत्साहाने सांगायला गेले, तर म्हणतात, बाई, यंदा बीज किती निघेल ते सांगा. धन्य आहे. रसाची एक बाटली भरून फ्रिजमध्ये ठेवली.

१८ जुलै
माई गेली. सकाळी आडवी तरंगताना दिसली, अजून ताजीच होती. इथे पैदाशीचा मासा मेला तर टाकत नाहीत, वाटे करतात. टाक्यांवरच्या दामूने कापली आणि पोटातली अंड्यांची गाभोळी सगळ्यांनी मिळून मला दिली. स्वयंपाक करणाऱ्या गोजराबाईने कुणाला बोलूच दिलं नाही. पोटुशी बाय हाय, तिला नाय द्यायची तं कोनाला, असं तिचं म्हणणं. तव्यावर तिने ती जेमतेम उलटली. जास्त भाजली की कोरडी पडते म्हणे. मधे कच्चीच होती, पण चव अशी की मी बोटं चाटली.

२१ जुलै
बाळ हललं. अगदी स्पष्ट. मी मोरीत उभी राहून रडले. ह्यांना हात लावून बघायला सांगितलं, ह्यांना काही लागलं नाही. पालघरच्या डॉक्टरीणबाई हसल्या. इतक्या लवकर कळत नसतं, पोटातलं वारं असेल म्हणाल्या. वारं म्हणे. मागच्या दोघांनी मला एवढंही दिलं नव्हतं.

२५ जुलै
अजून हलतंय. थांबतच नाही. जेवताना, निजताना, एसटीत. मलाही एका जागी बसवत नाही. आज दिवसभर टाक्यांभोवती चकरा मारत होते, शेवटी दामूनेच बसायला खुर्ची आणून दिली. बसले नाही.

आणि एक झालं. काचेवर कोरडं दूध घेतलं होतं, रस नाही, पाणी नाही. माझा घामेजलेला अंगठा काचेच्या कडेला लागला. सगळे धावत सुटले. घामाचा ओलावा असेल. पण ते मिनिटभरात संपले नाहीत.

२८ जुलै
गाभोळी कच्ची होती. नीट शिजली असती तर प्रथिन मेलं असतं, मीच उकळून बघितलं होतं. म्हणजे ते तसंच माझ्या अंगात गेलं, बाळापर्यंत. ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, केळव्याला आईकडे जा चार दिवस, मन रमेल. मला हलण्याची भीती नाही हो. शिदोरी संपण्याची आहे. एवढासा तो जीव, त्याच्यापाशी असून असून किती असणार—

३१ जुलै
थांबलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हललंच नव्हतं तर थांबेल कसं. ठोके ऐकू यायला वेळ आहे, महिन्याने या. महिना. इथे घटका जात नाही. निजलं असेल. पडून राहिलेले जिवंत असतात. पण मागच्या दोन्ही वेळीही असंच शांत—

१ ऑगस्ट
फ्रिजमध्ये बाटली आहे.

नाही. झोपलं असेल तर झोपू दे. हात लावायचा नाही.

अजून काही नाही. कूस बदलून बघितली, गार पाणी पिऊन बघितलं—

हात लावायचा नाही.

२ ऑगस्ट, रविवार
केंद्रावर कुणी नाही. मला राहवलं नाही. आधी बोट बुडवून चाटलं, मग—

सगळी प्यायले.

हललं. आहे. देवा, आहे ते, आहे—

जोरात आहे. पहिल्यापेक्षा फार— बरगडीपासून खालपर्यंत, फिरून वर— एवढं धावायचं नसतं. बाटलीत थेंबही नाही आणि माई तर आम्ही खाल्ली—

थांब. बाळा, थांब जरा.

नको. थांबू नकोस. थांबू नकोस, फक्त सावकाश— आईचं ऐक, सावका