धूर निघणारी घरं

३ फेब्रुवारी
पाय गेले कामातून! शिक्षिका झाले ती फळ्यासमोर उभी राहायला, आणि जनगणनेनं डोंगर चढायला लावला. माझ्या वाट्याला तालुक्यातलं सगळ्यात वरचं गाव. "तिथे कोण राहतंय? बेचिराग लिहा आणि मोकळ्या व्हा," साहेब म्हणाले. बेचिराग म्हणजे माणूस न उरलेलं गाव. एकदा तसं लागलं की खालच्या गावात सामील करणार, जिल्ह्याच्या यादीतून नाव जाणार.

पण शेवटच्या वळणावरून पाहिलं तर एका घरातून धूर! आत कोणी नाही, चूल मात्र गरम. गेले असतील पाण्याला, म्हणून कुटुंब लिहिलं.

५ फेब्रुवारी
आज धूर दुसऱ्याच घरातून. इथेही माणूस नाही, चूल गरम. हेही लिहिलं.

६ फेब्रुवारी
तिसरं घर! साहेबांना ऐटीत सांगितलं — गाव नांदतंय.

९ फेब्रुवारी
चांगलीच फजिती झाली माझी. आज चौथ्या घरात धूर होता, आणि त्यातून खोकत बाहेर आल्या एक आजी. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा!

"सगळी माणसं कामाला खाली गेली गं. किल्ल्या माझ्याकडे. रोज एका घरात चूल पेटवते. धूर नाही लागला की वाळवी छप्पर खाते."

"एकट्याच?"

"मग काय वाळवीला वाट बघ म्हणू?"

एवढं सबंध गाव एका म्हातारीनं उभं धरलंय! आणि मी गुडघे दुखतात म्हणून घर डोक्यावर घेते. तिचं एकटीचं कुटुंब लिहिलं, बाकीची तिन्ही खोडली.

१४ फेब्रुवारी
आजींची लेक त्यांना शहरात न्यायचं म्हणतेय. त्यांच्या गुडघ्यांनी राम म्हटलाय. आणि आता झाली ती नुसती घरांची यादी, माणसं मोजायची पंचविसाला! विनवलं त्यांना — आजी, तेवढं थांबा, नाहीतर गाव बेचिराग लागेल.

हसल्या. "तुझ्या यादीची मला काय पडलीय? उद्या कोणी परत आलं तर घर उभं हवं, बाई."

रात्री यांना सांगत बसले. हे म्हणाले, "तुला कशाला एवढं?" कशाला ते सांगता येईना. पण आहे खरं!

२० फेब्रुवारी
आजी पडल्या. लेकीनं पाठुंगळी घेऊन खाली आणलं म्हणे. साहेब म्हणाले, "झालं! आता तरी बेचिराग लिहाल ना?" तशीच वर्गात गेले. मुलांवर उगाच खेकसले.

२५ फेब्रुवारी
शून्य लिहायचं म्हणून चढले. शेवटच्या वळणावर मान वर केली — धूर!

धावत सुटले. माझे गुडघे कुठे गेले होते कोण जाणे. आत आजींची लेक, डोळे लालबुंद, चूल फुंकत बसलेली. कमरेला तोच जुडगा.

"आईची अट होती, बाई. म्हणाली, मी तुझ्या घरी येते, पण तू माझ्या गावात जा. आता तिकडे बसलीय जावयावर हुकूम सोडत! इथे मीच राहणार. लिहा."

लिहिलं. माणसं — एक.